नववा आठवडा

शेंग्युलबाई,
तुम्ही दिलेली वही अजून आहे.
आठ आठवडे तुमच्याच अक्षरात:
सहा मिनिटांत तीनशे दहा मीटर,
मग तीनशे अठ्ठ्याऐंशी,
आणि शेजारी लाल चांदणी,
शाळेतल्या पोराला द्यावी तशी.

नवव्या आठवड्याचं पान माझं होतं.
त्यावर आधी काहीच नाही,
मग ऑक्सिजनवाल्याचा नंबर,
मग हाजेरची यादी: कांदे, मीठ, ह्यांचा पंप.

झोंगुलदाकमध्ये सपाट असा
एक समुद्रच.
आमचं घर एकशे बारा पायऱ्या वर.
तुमच्या हॉलमधला पट्टा बटण दाबलं की थांबायचा.
पायऱ्यांना बटण नाही.

थंडी आली.
जो कोळसा छातीत भरून आणला
त्याच्याच उबेला
मी खिडकीशी बसलो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी.
आधी पाय विसरतात. छाती मागून.
कमावलेले अठ्ठ्याहत्तर मीटर जातात कुठं?
उसने होते का ते,
कुणी न सांगता परत नेले?

मार्चमध्ये रहमी आला,
तोच, आपल्या गटातला, दोन बोटं नसलेला.
चाळिसाव्या पायरीवरून ओरडला,
म्हणजे तोंड तरी तसं केलं:
"खाली ये, मला वर येववत नाही."
मी म्हटलं, उतरलो तर मला परत चढवणार नाही.
असं भांडत भांडत, थांबत थांबत
एकसष्टाव्या पायरीवर भेटलो.

तेव्हापासून मंगळवार, शुक्रवार.
ओठांचा चंबू, गरम सूपवर घालावी तशी फुंकर,
एका पायरीला आत,
दोन पायऱ्यांना बाहेर.
तिथं साबरीचं चहाचं दुकान.
तो किटलीवर किटली ठेवतो,
म्हणतो, देम येऊ द्या चहाला,
घाई केली तर नुसतं रंगीत पाणी.
आम्हाला कसली घाई?
आम्ही दम खातो, तो देम आणतो.

परवा वहीत लिहिलं, माझ्या अक्षरात:
तीनशे चाळीस.
चाराचे आठ करणार होतो,
हाजेर बघत होती.

आज बाहेर चिखल, गुडघा ठणकतोय.
पण रहमी एकसष्टाव्या पायरीवर उभा असेल,
आणि मी नाही गेलो
तर मला शिव्या घालण्यात
असेल नसेल तो श्वास संपवून बसेल.

म्हणून बूट घालतोय.