दोन तास दहा मिनिटं

इत्सुकीने भातखाचरातून बेडूक आणला
तोफूच्या रिकाम्या डब्यात,
आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत
मसुराएवढा काळा पाणभुंगा.
तोकुए म्हणाली, जेवणाच्या टेबलावर नको.
तोवर डबा टेबलावर होता.

बाटली उपडी केली. जीभ दिसलीच नाही.
बेडकाची जीभ घशाशी नाही,
पुढे, ओठाच्या आत बांधलेली;
घडीच्या चादरीसारखी उलगडते, चिकट,
लागेल ते घेऊन मिटते.
मग त्याने डोळे मिटले.
"बघा, डोळ्यांनी गिळतोय."
खरंच. डोळ्यांचे गोळे टाळूतून खाली बसले,
घास ढकलून वर आले
आणि पुन्हा निवांत टेबलाकडे पाहू लागले.

खालच्या जबड्याला दातच नाहीत.
वरचे आहेत, ते चावायला नव्हे,
निसटू पाहणाऱ्याला अडवायला.
नरडं बोटाच्या पेरापेक्षा आखूड,
की आलंच पोट, डावीकडे वाकलेलं, आंबट, अंधारं.
परवा त्यात एक नाकतोडा विरघळला.
इत्सुकीने त्याचे उरलेले पाय
काडेपेटीत जपून ठेवलेत.

गेन्झो खिडकीशी ऐकत होता.
मार्चमध्ये त्याचं पोट कापलं,
तीन वाटे गेले, एक राहिला.
आता दिवसातून सहा वेळा पेज,
पेजेतलं शीतसुद्धा तीस वेळा चावून.
तो काही बोलला नाही.
त्याने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

तोकुए शेंगा सोलायला बसली.
बांधावरचा पंप सुरू झाला, बंद पडला,
शेजारच्या मोरिवाकीने त्याला शिवी दिली.
बेडूक हलला नाही.
त्याच्या आत कुणीतरी चालत होतं:
पोटाच्या दारातून खाली,
पित्ताच्या हिरव्या बोळात,
वळणामागून वळण,
भिंती मागून रेटताहेत,
सहा पाय पुढे ओढताहेत,
पंखांखाली चिमूटभर हवा.
(हे इत्सुकीने सांगितलं. हवेचं त्याला नक्की माहीत नव्हतं.)

दोन तास दहा मिनिटांनी
बेडकाने मागचे पाय जरा फाकले.
आधी डोकं आलं.
मग अख्खा भुंगा, घाणीने माखलेला,
डब्यातल्या पाण्यात पडला,
क्षणभर उताणा,
आणि पोहत कडेला गेला,
उशीर झालेल्या माणसासारखा.

गेन्झो हसला. टाके दुखले, तरी हसला.
मग एकदम थांबून विचारलं,
"म्हणजे हा जेवला, की उपाशीच?"

इत्सुकीने डोकं खाजवलं.
तोकुएने सालं गोळा केली,
टेबल व्हिनेगरने दोनदा पुसलं,
आणि पाचव्या वेळची पेज आणली.

पहिला चमचा तोंडात गेला. तीस झाले.
गिळताना गेन्झोने डोळे मिटले,
घट्ट,
आणि उघडायला थोडा वेळ घेतला.