हुद्दा स्पष्ट करा

अर्ज माझ्याकडे आला, कारण माझं अक्षर बरं
आणि मी वीज मंडळात होतो,
म्हणजे सरकारी कागदाला भिणार नाही,
असा गावाचा समज.

पारावर कागद पसरला, उडू नये म्हणून वर दगड.
पहिलीच ओळ : संस्थेचे नाव.
केवळबाई म्हणाली, "नाव कसाले लागस?
वही शे सांगं का लोके येतस."
मी तेच लिहिलं : वही शे.

नोंदणी क्रमांक : आडवी रेघ.
स्थापना वर्ष : धुडकू अण्णाच्या आज्याला ठाऊक होतं,
आणि आजा सांगायला थांबला नाही.

तालुक्याहून फोन, वहीची झेरॉक्स जोडा.
म्हटलं, साहेब, ही वही गातात.
पलीकडून बराच वेळ
नुसता पंख्याचा आवाज.

उद्दिष्टे, पन्नास शब्दांत.
आता काय लिहू?
झिपरू महाजन आणि नारायण कोळी
बांधावरून अकरा वर्षं बोलत नाहीत.
पण रात्री एक ओळ उचलतो, दुसरा ती ठेवतो.
भांडण आहे तिथंच आहे,
ओळ मात्र दोघंही खाली पडू देत नाहीत.
सिकंदर तडवी केळीचा ट्रक घेऊन जातो दिल्लीपर्यंत,
परत आला की अंघोळीआधी तुणतुणं.
बायको म्हणते, आधी घरी तोंड तरी दाखव.
आणि तीच येऊन बसते पुढच्या रांगेत.

मी तर आलो होतो डीपी दुरुस्त करायला,
एकोणीस वर्षांपूर्वी.
खांबावरून उतरलो तर कुणीतरी हातात झांज दिली.
ताल मला आजही येत नाही.
झांज कुणी परत मागितली नाही.

हे पन्नास शब्दांत बसेना.
"लोककलेचे जतन व संवर्धन" लिहिलं
आणि स्वतःचीच लाज वाटली.

अध्यक्ष.
सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं,
मग उखर्डूकडे.
तो गात नाही. बोलतानाही अडखळतो.
पऱ्हाट्यांचा जाळ करतो, डफ त्यावर धरतो,
कातड्यावर टिचकी मारून कान लावतो,
पुन्हा धरतो.
त्यानं मान हलवल्याशिवाय
आमच्याकडे वही उठत नाही.
लिहिलं : उखर्डू तोताराम भिल. हुद्दा, डफ शेकणे.

अर्ज परत आला. लाल शाईत :
हुद्दा स्पष्ट करा.
मी तसाच पुन्हा पाठवला.

पौषात जळगावला बोलावणं.
सभागृहात एवढा गारवा,
की डफ ओल्या भाकरीसारखा मऊ पडला.
उखर्डूनं टिचकी मारली, मान हलवली नाही,
डफ काखोटीला मारून बाहेर.
आम्हीही एकेक करून उठलो,
त्याच्याशिवाय आत बसून करणार काय?

गाड्या लावतात तिथं, भिंतीच्या आडोशाला,
नारळाच्या शेंड्या, शालींचे पुठ्ठ्याचे खोके,
जाळ झाला.
वॉचमन ओरडत आला,
आणि जवळ आल्यावर तळवे पुढे करून बसला.
चहावाला आला. दोन ड्रायव्हर आले,
त्यातला एक साक्रीकडचा,
म्हणाला, आम्हना गावले बी व्हती,
आते नही.
झिपरूनं ओळ उचलली.
नारायणनं ठेवली.
साक्रीवाल्याला शब्द येत नव्हते,
पण कुठं थांबायचं ते बरोबर येत होतं.

आत माईक म्हणाला, "वहीशे संस्था, कृपया मंचावर यावे."
आणखी एकदा म्हणाला.
आपल्यालाच बोलावतायत
हे आमच्यातल्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शेवटी शिपाई शाल घेऊन धावत आला.
अध्यक्ष कोण?
आम्ही बोट दाखवलं.
उखर्डूनं शाल घेतली, चौघडी केली,
आणि तापलेल्या डफाची कड
तिच्यात धरली.