रिव्हर्स

बावीस वर्षांनी कंपनीने निरोप दिला
तेव्हा एक कार्ड मिळालं, चौतीस सह्यांचं,
आणि हा लॅपटॉप, दहा पौंडांत.
बिजागरी तुटलेली. ‘एम’ची कळ गेलेली.
पाठीवर स्टिकर: मालमत्ता क्र. ००४१७.

नोव्हेंबरभर तो कपाटावर पडून होता.
विद्याधरही, तसा, सोफ्यावर.
मी रात्रपाळीहून यायचे तेव्हा
हॅलिफॅक्सच्या आमच्या चढावर दंव गोठलेलं असायचं
आणि आमच्या पडद्याआड दिवा.
जेवलास का, एवढंच विचारायचे.
त्यापुढे काही विचारलं
की तो उठून केटली लावायचा.

मग एका मंगळवारी
मिसळणाचा डबा टेबलावर उघडा,
आणि मोहरीच्या वाटीत
खरोखर मोहरीएवढे स्क्रू.
पॅनल त्याने दोन्ही तळहातांवर धरलेलं,
ओला पापड वाळत घालायला न्यावा तसं.
गाडीत लावणार, म्हणाला. मागचं दिसायला.
मान वळत नाही आता.

मान वळत नाही
हे मला तेव्हा कळलं.

शेन्झेनहून एक हिरवी पट्टी आली, बारा व्होल्टची,
तीन आठवड्यांनी.
तीस टोकांची वायर त्याने उलटी लावली. धूर.
दुसरी मागवली. आणखी तीन आठवडे.
तोवर समोरचा कीथ, बसडेपोतून निवृत्त,
रोज साडेदहाला येऊ लागला
स्वतःची सोल्डरिंग गन आणि स्वतःची बिस्किटं घेऊन.
दोघं जुन्या जॅझमध्ये बसायचे, दारं उघडी,
वरच्या खिडकीतून मला नुसते चार बूट दिसायचे.
ऋजुता कार्डिफहून म्हणाली, बाबा, तयार मिळतो की,
चाळीस पौंडांत, उद्या सकाळी दारात.
हो, म्हणाला तो,
आणि फोन ठेवून परत बाहेर गेला.

पंधरा इंच. नाकापेक्षा मोती जड.
डॅशबोर्डवर उभा केला तर निम्मं यॉर्कशर झाकायचा.
पोलिसांचं सोड, कीथ म्हणाला,
आधी तुझी बायकोच अडवेल.
शेवटी शेजारच्या सीटसमोर बसवला, जरा तिरका,
रिव्हर्स टाकला तरच उजळणारा.
पुढे जाताना काळाशार,
त्यात फक्त माझे गुडघे.

पहिल्यांदा लागला तेव्हा
डावीकडे एक हिरवी रेघ, वरपासून खालपर्यंत.
ही जुनीच आहे, तो म्हणाला,
डी आणि ई कॉलमच्या मधे असायची.
नऊ वर्षं हिच्या दोन्ही बाजूंनी आकडे भरले.
मला वाटलं, झालं,
आता हेही परत कपाटावर.
कीथने काही न बोलता गाडी मागे घेतली,
पुढे घेतली, पुन्हा मागे,
उतरून कॅमेरा अंगठ्याने किंचित ढकलला,
आणि रेघ जाऊन बसली
बरोबर फुटपाथच्या कडेवर.
असल्या रेघेचे लोक जास्तीचे पैसे मोजतात, म्हणाला.
विद्याधर हसला. खोकल्यासारखं, पण हसलाच.
स्टिकर काढू का, मी विचारलं.
राहू दे.

काल कामावर निघाले. अंधार, वर धुकं.
हा आपला रस्त्यात उभा, गाड्या येतात का बघत.
अरे, मग हे सगळं कशासाठी केलंस?
उत्तर नाही.
रिव्हर्स टाकला.
पडदा आधी निळा, मग कचऱ्याचे डबे,
कीथची मांजर,
मग घरातल्या चपला घातलेला विद्याधर.
कॅमेरा आरशासारखा दाखवतो,
म्हणून माझा डावखुरा नवरा
उजव्या हाताने बोलावत होता, ये, ये,
आणि एकेक पाऊल मागे सरकत होता
हिरव्या रेघेला धरून.

सगळं स्वच्छ दिसत होतं.
तरी मान वळवून मी बघितलंच.