टेम्सची भरती

रद्दी मे महिन्यात घ्यावी.
तेव्हा कागद सुका असतो,
किलोमागे दोन-तीन अंक जास्त बसतात.
वेंगुर्ल्याच्या बाजारातला मुश्ताक हे ओळखून आहे,
म्हणून तो आगोटीला गठ्ठे बांधून ठेवतो
आणि नारळीपौर्णिमेनंतर सोडतो,
ओल पिऊन फुगलेले.
आमचं वैर असं जुनं आहे, चहासकट.

‘घुबड’ मासिकाचे एकशे बारा अंक आहेत माझ्याकडे.
किंमत पन्नास नवे पैसे.
मुखपृष्ठावर पिस्तूल, बाई,
आणि दोघांपेक्षा मोठा चंद्र.
कसर लागू नये म्हणून मी वेखंड ठेवतो, निरगुडीचा पाला ठेवतो.
माझ्या साड्यांत कधी ठेवलात का, असं बायको विचारते.
एका अंकाला अजून सुक्या बांगड्याचा वास येतो.
त्याची शेवटची सोळा पानं कुणाच्या तरी बाजारात गेली,
त्यातला खुनी साठ वर्षं मोकळा आहे.

सगळ्यांत लाडका लेखक, कॅप्टन दिलेर.
असं नाव कुणाचं नसतं, ते मलाही कळतं.
त्याच्या गोष्टी सगळ्या लंडनच्या:
धुकं, बग्ग्या, गॅसचे दिवे, सर हेन्री.
पण सर हेन्री सकाळी दहाला पेज जेवतो.
बागेतून व्हाळ वाहतो.
आणि प्रेत टेम्सच्या काठालाच सापडतं,
कारण त्या रात्री अष्टमी होती, भांगाचं पाणी,
ओढून न्यायला भरतीत जोरच नव्हता.

हे वाक्य मी तीनदा वाचलं.
लंडनात बसून अष्टमी कोण मोजतो?

पुढे चार वर्षं गेली.
मग शिरोड्याच्या एका गठ्ठ्यात
अंकाला चिकटलेली मनिऑर्डरची पावती मिळाली:
मानधन रुपये पंधरा,
त्र्यंबक आरोसकर, कारकून, बंदर कचेरी.

उभादांड्याला त्यांची मुलगी, द्वारकाबाई,
ओट्यावर आठळ्या सोलत बसल्या होत्या.
घरात ‘घुबड’ एकही नव्हतं.
“बापूस माझो रात्रीचो हिशेब लिवी,” म्हणाल्या,
“गोष्टी खंयच्यो?”
आणि लाल कापडाची वही आणून दिली.
हिशेबच होता.
पानं भरून इंग्रजी नावं, नावापुढे तऱ्हा:
विष. विष. सुरा. गच्चीवरून. विष.
कुणी चुकून दोनदा मरू नये म्हणून.

“वाचा बगया एक.”
मी पिशवीतून अंक काढला. प्लास्टिकमधून,
मग वर्तमानपत्रातून.
लॉर्ड मॉर्टिमर, डाव्या गालावर चामखीळ,
खोटं बोलायच्या आधी चष्मा पुसायची खोड...
बाईंच्या हातातली आठळी थांबली.
“हो तर खांडेपारकर सायब!
बापसाक रविवारचो पण बंदरार बोलवी.
मेलो?”
मेला, मी म्हटलं. पान चाळीसवर.
त्या इतक्या हसल्या की
शेजारची मुलगी कुंपणाशी येऊन उभी राहिली.
(घरी येऊन मी मोजलं.
चामखीळवाला अकरा अंकांत
अकरा नावांनी मेला होता.)

निघताना त्यांनी अंकावर हात ठेवला.
“ह्या हंयच ऱ्हवांदे.”
मी म्हटलं, याची दुसरी प्रत आहे घरी,
चांगली आहे, तीच आणून देतो.

खोटं बोलायच्या आधी
मी चष्मा पुसला की नाही, आठवत नाही.

एसटी उशिरा आली. श्रावणातली ओली हवा.
पिशवीत एकच अंक, साठ-सत्तर पानांचा,
आणि खांदा दुखायला लागला.
ओलीत कागद जड होतो,
हे मला मुश्ताकच्याही आधीपासून माहीत आहे.