एकशे चव्वेचाळीस फेरे

अकरा हिवाळे लागले.
अ‍ॅन्सन आम्हाला सापडलं तेव्हा त्यात कोंबड्या होत्या.
युद्ध संपल्यावर सस्कॅचेवानच्या कुणा शेतकऱ्यानं
पन्नास डॉलरला उचललेलं,
चाकांसाठी, बोल्टांसाठी.
उरलेल्या सांगाड्याचं खुराडं केलं.
पंखाच्या फासळ्यांमधून मी स्वतः
दोन बादल्या पिसं काढली.

मग स्प्रूसचं लाकूड, नवा सरस.
लिनन ताणून टाके घातले, मेणवलेल्या दोऱ्यानं,
दर अडीच इंचाला एक, बोटं सोलून निघेपर्यंत.
डोपच्या वासानं ओरिस्याचं डोकं चढायचं
आणि ती तिच्या आजीच्या भाषेत
भिंतीला शिव्या द्यायची.
रंग पिवळा, इथल्या मोहरीच्या शेतांचा.

या विमानात चाकं वर घ्यायला बटण नाही.
खुर्चीशेजारी एक हँडल आहे.
एकशे चव्वेचाळीस फेरे, हातानं.
हे काम सगळ्यात नवख्या पोराचं असायचं,
आणि लॉकलन तेव्हा तो पोरगा होता.

आता अठ्ठ्याण्णव.
"बरोबर येता का?" विचारलं,
तर म्हणाला, "पुरे झालं फिरवून.
शत्रू मला कधी दिसलाच नाही.
हँडल दिसलं."

जुलैची सकाळ. गवतावर त्याची घडीची खुर्ची, थर्मास.
माझ्या हातात आग विझवायची नळकांडी.
डावं इंजिन खोकलं, निळा धूर ओकलं, लागलं.
उजवं रुसलं.
तिसऱ्या खेपेला बोललं एकदाचं.

आणि ते गेलं वर,
चाकं लोंबती, बदकाच्या पायांसारखी.
आत थोरा फिरवायला लागली असणार,
कारण चाकं मुंगीच्या पावलानं आत चालली.

खाली लॉकलनचा उजवा हात गुडघ्यावर फिरू लागला.
नातीला वाटलं, कंप आहे. तिनं हात धरला.
त्यानं सोडवून घेतला.
"एकतीस. बत्तीस."

ब्याण्णववर थांबला.

"ब्याण्णवला माझी मान खाली होती," तो म्हणाला,
आम्हा कुणाला नव्हे.
"रात्रीचा सराव. वर पाहिलं
तर शेजारच्या विमानाचा दिवा नव्हता.
एम्रिस होता त्यात.
उरलेले फेरे राहिले.
तशीच अर्धी चाकं घेऊन घिरट्या घातल्या आम्ही,
कुणी सांगेना, वर घेऊ की खाली."

विमान धान्याच्या कोठारामागून वळलं.
नात थर्मासचं झाकण उघडून बसली होती,
ओतत नव्हती.

"त्र्याण्णव," म्हातारा म्हणाला.

तो पुरे करेस्तोवर
थोरानं चाकं वर नेऊन पुन्हा खाली आणायला घेतली होती.
त्यानं बघितलं की नाही, कळलं नाही.
"एकशे चव्वेचाळीस," आणि हात मांडीवर ठेवला.

उतरल्यावर थोरा खांदा चोळत आली.
"एकशे एक्केचाळीसच भरतात," म्हणाली.
"मोजायला चुकलीस."
"दोनदा मोजले!"
"दोनदा चुकलीस."

त्यांचं चालू दिलं.
मी डाव्या इंजिनाखाली बादली सरकवली,
तीच, पिसांची.
तेल गळत होतं, थेंब थेंब.