तीनशे बारा तास

शालिमारच्या मागच्या गल्लीत
दुकानदाराचं आडनाव पगार,
आणि माझा पगार व्हायला अजून चार दिवस.
तरी गेलो.

काचेखाली जुन्या डिस्क, पाठीवर ओरखडे.
एकेक ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघितली,
सातपूरला बेअरिंगची रिंग बघतो तशी,
अंगठा कडेला, श्वास रोखून.
बावीस वर्षं हेच करतोय:
हिरवं स्टिकर, लाल स्टिकर.
ओरखडा एवढंच सांगतो की डिस्क चालेल की अडेल.
गेम चांगला आहे का, हे मोजणारं गेज
आमच्या टूलरूममध्ये नाही.

"मुलगी केवढी?"
"अकरा."
"मग ही घ्या, गाड्यांची. नाहीतर ही, झोंबी.
हल्ली सगळे झोंबीच नेतात."
"तुम्ही स्वतः काय खेळता?"
पगार क्षणभर गप्प.
"साहेब, मी विकतो."

शेवटी डिस्क नाहीच घेतली.
जुना कन्सोल घेतला, एक कंट्रोलर थोडा डावीकडे ओढतो,
"आत कुणाचे तरी सहा-सात गेम आहेत, ते फुकट."
हप्त्याचं वैशालीला जेवण झाल्यावर सांगितलं.

सिडकोत, तिसऱ्या मजल्यावर,
शेजारच्या कुकरच्या शिट्टीत स्क्रीन उजळला
आणि आत एक माणूस निघाला:
नचिकेत, ओझर.
त्याचं खातं पुसायचं पगार विसरला होता.
खाली सगळा हिशोब.
फुटबॉल, दोन तास.
तो बंदुकांचा, ज्याचं पोस्टर दुकानाच्या शटरवर आहे,
चाळीस मिनिटं.
गाड्या नऊ तास, बहुधा एकाच रविवारी.
आणि सगळ्यात खाली एक बारकं चित्र,
सायकलवरचा पोस्टमन, मागे समुद्र.
तीनशे बारा तास.

शर्वाणी म्हणाली, "बाबा, हाच."

बेटावर पत्रं वाटायची. बस.
कुणी मरत नाही, घड्याळ पळत नाही,
चढावर सायकल हातात धरून न्यावी लागते.
म्हातारा कोळी पत्र उघडतो, वाचतो,
आणि काय लिहिलंय ते आपल्याला सांगत नाही.
हे मला फार आवडलं.

नचिकेतने बेटभर पाट्या ठोकल्या होत्या.
धबधब्याला सोमेश्वर.
बोटीला एचएएल.
उतारावर 'द्वारका सर्कल, जपून',
तिथे तर बकरीसुद्धा नव्हती.
आणि पाण्याकडे तोंड केलेल्या बाकाशेजारी:
'रामकुंड. इथे गर्दी नाही.'

शेवटचा खेळ दोन वर्षांपूर्वीचा,
मार्चमधली रात्र, दोन वाजून चाळीस मिनिटं.
झोळीत एक पत्र अजून बाकी.

"देऊ का मी?"
"दुसऱ्याचं पत्र आहे."
"पोस्टमन दुसऱ्याचीच देतात, बाबा."
याला उत्तर सुचलं नाही म्हणून ओरडलो थोडा.
तिने शेजारी स्वतःचं खातं उघडलं,
स्वतःचं कोरं बेट,
आणि पहिली पाटी ठोकली: 'बाबांना बंदी'.

पगारकडे परत गेलो, पत्ता विचारायला.
"कोणीतरी आणून टाकला साहेब,
पैसे लगेच हवे होते, घासाघीससुद्धा केली नाही.
का, बिघडला का?"
नाही म्हटलं.
तिथेच एक बाई मुलासाठी काहीतरी शोधत होत्या,
डब्यामागचे तारे मोजत.
त्यांना सांगावंसं वाटलं,
तारे नका बघू, कोण किती वेळ थांबलं ते बघा.
पण कुठे बघणार त्या?
दुकानात सगळं पुसूनच विकतात.

गुरुवारी सेकंड शिफ्ट सुटून घरी आलो, साडेबारा.
दिवे बंद. टीव्हीचा निळा उजेड भिंतीवर.
शर्वाणी झोपलेली.
जमिनीवर वैशाली, हातात तो डावीकडे ओढणारा कंट्रोलर,
जिने घरातला रिमोटसुद्धा कधी मागितला नाही.
नचिकेतच्या बेटावर, नचिकेतच्या बाकावर
तिने पोस्टमनला बसवून ठेवलं होतं.
सायकल आडवी. पत्र झोळीत तसंच.

"काय करतेस?"
"काही नाही."
लाटा येत होत्या, जात होत्या.
थोडं सरकून म्हणाली,
"डबा नंतर ठेव. बस."