हे उघडच आहे

प्रकरण चार, पान एकशे बारा, खालून सहावी ओळ:
हे उघडच आहे.
त्या ओळीशी आम्ही चवथीच्या आधीच पोचलो होतो.
आता नोव्हेंबर.

चोडणच्या शाळेतला सातवीचा वर्ग, दर गुरुवारी सहा वाजता.
सुरुवातीला अकरा जण होतो. उरलो चार,
आणि पाचवा फोनच्या पडद्यात,
खडूच्या डब्याला टेकवून ठेवलेला.
केंकरे सर रायबंदरहून फेरीबोटीने येतात,
शमीम ताळगावहून, स्कूटरसकट.
नीलग्रीव माझ्यासारखाच इथला,
दिवसभर बँकेत नोटा मोजतो.
मी याच वर्गात सकाळी अपूर्णांक शिकवते,
म्हणून किल्ली माझ्याकडे.

विषय असा: ठिपके, आणि ठिपके जोडणाऱ्या रेघा.
माणसं असोत, गावं, विजेचे खांब, काहीही.
त्यांचं एक चौकोनी कोष्टक मांडायचं
आणि कोष्टकाच्या पोटातून काही संख्या काढायच्या.
पहिली नेहमी शून्य.
शून्य जितक्यांदा येईल, जाळ्याचे तितके तुकडे.
दुसरी जितकी मोठी, तितकं जाळं घट्ट.
पुस्तक म्हणतं, एक रेघ वाढवलीत
तर ही दुसरी कधीच कमी होत नाही.
का?
हे उघडच आहे.

"कुणाला?" शमीमने तेव्हाच विचारलं होतं.
तीन गुरुवार सरांनी फळा भरला.
चौथ्या गुरुवारी स्वतःच पुसला.
म्हणाले, चाळीस वर्षं वर्गात मीही असंच म्हणत आलो,
कुणी हात वर केला नाही.

ऑक्टोबरात ओलाव्होचे कागद आले.
डब्लिनजवळ एक गोदाम, पार्सलं वेगळी करायचं काम.
जाण्याआधी त्याने आम्हाला खाजनात नेलं,
त्याच्या बापाची मानस दाखवायला.
भरती चढली की पाणीच फळ्या लोटून घेतं,
ओहोटीला पाणीच त्या ढकलून बाहेर पडतं.
"ही रेघ एकतर्फी," नीलग्रीव म्हणाला
आणि वहीत बाण काढला.
जुझेने बांधावर बसल्या बसल्या विडी विझवली:
"तें आपणूच उगडटा. हांव फकत राखतां."
परतताना कुणी फार बोललं नाही.
चिखलात सरांची एक चप्पल राहिली.

आज शमीम उशिरा आली, केस ओले,
आल्या आल्या म्हणाली, कोष्टक सोडा.
एकेका रेघेला विचारा ती काय करते.
दोन टोकांमधला फरक घेते,
त्याचा वर्ग करते,
बेरजेत टाकते. संपलं तिचं काम.
वर्ग काही ऋण नसतो.
मग नवी रेघ आली तर बेरीज
वाढेल, नाहीतर आहे तिथेच राहील.
घटेल कशी?

पंखा फिरत होता.
सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातलाच नाही.
आता ते उघड होतं,
आणि बंद असताना कसं दिसायचं
ते मला आठवेना.

"ओलाव्हो, कळलं?"
पडद्यात तो थिजलेला, तोंडाजवळ सँडविच,
मागे पिवळ्या जाकिटातली कुणाची तरी पाठ.
त्याची जेवणाची सुट्टी, तिथे एक वाजलेला.
भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा.
फरक साडेपाच.
साडेपाचाचा वर्ग सव्वातीस,
सवयीने तोंडीच केला मी,
आणि खडूच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवला.

मग आवाज आधी आला, चेहरा नंतर:
"...म्हणजे एवढंच होतं?"

एवढंच, सर म्हणाले.
पाऊण तास त्यांनी तेच पुन्हा मांडलं, स्वतःसाठी.
साडेसातची फेरी गाठायची होती.
मी कुलूप लावलं.
पुढच्या गुरुवारी खालून पाचवी ओळ.